नवे स्पीकर घेतले आणि जुनी गाणी बिघडली? दोष कुठे आहे ते असं शोधा

तक्रार साधारण अशी असते. चांगले हेडफोन घेतले, किंवा घरात मोठे स्पीकर आणि अँप्लिफायर आले. अलीकडच्या मैफलींची ध्वनिमुद्रणं त्यावर सुरेख वाजतात. मग हौसेने बालगंधर्वांचं पद लावलं, अब्दुल करीम खाँसाहेबांची ठुमरी लावली, आणि मन खट्टू झालं. खरखर केवढी! आवाज पातळ, चिरका, मधूनच फुटणारा. ‘आमच्या जुन्या रेडिओवर हेच किती गोड लागायचं’ हे वाक्य त्यापाठोपाठ हमखास येतं. काही जण स्पीकर परत करायला निघतात. बरेच जण जुनं संगीत ऐकणंच सोडून देतात, आणि ते मला फार लागतं, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

दोष बहुतेक वेळा स्पीकरचा नसतो आणि मूळ ध्वनिमुद्रणाचाही नसतो. गायकाचा आवाज तबकडीत कोरला गेला तिथपासून तो आपल्या कानापर्यंत येईतो मध्ये बरेच हात लागलेले असतात. कुणी चुकीच्या सुईने रेकॉर्ड वाजवली, कुणी गती नीट लावली नाही, कुणी आवाज ‘स्वच्छ’ केला, कुणी खोटा स्टीरिओ बनवला, कुणी दाबून छोटी फाइल केली. साध्या स्पीकरवर हे सगळं झाकलेलं राहतं, चांगल्या स्पीकरवर उघडं पडतं. तेव्हा स्पीकर बदलण्याआधी कुठल्या हाताने काय केलं ते ओळखायचं आणि जमेल तेवढं उलटवायचं.

रेडिओवर गोड का लागायचं

सुराची उंची हर्ट्झमध्ये, म्हणजे सेकंदाला किती कंपनं होतात त्यावर मोजतात. मीडियम वेव्हवर शेजारशेजारच्या केंद्रांमध्ये ९ किलोहर्ट्झचं, म्हणजे ९ हजार हर्ट्झचं अंतर असतं. त्यामुळे साडेचार हजार हर्ट्झच्या वरचं फारसं काही घरच्या रेडिओतून बाहेर पडतच नसे. जुन्या रेकॉर्डची खरखर मात्र पार वरपर्यंत पसरलेली असते. म्हणजे रेडिओ खरखरीचा मोठा वाटा गाळून देत होता, वर त्याच्या लाकडी खोक्याचा घुमारा आवाजाला भरीवपणा आणत होता.

आता मूळ तबकडीत काय होतं ते बघा. १९२५ पर्यंतच्या रेकॉर्डी मायक्रोफोनशिवाय झाल्या. गायक भोंग्यात तोंड घालून गात, भोंग्याच्या दुसऱ्या टोकाचा पडदा थरथरे आणि त्याला जोडलेली सुई मेणात रेघ कोरी. त्या पद्धतीत ढोबळमानाने २०० ते ३००० हर्ट्झच्या बाहेरचं फारसं उमटत नसे. १९२५ पासून विजेवरचं ध्वनिमुद्रण सुरू झालं, पुढच्या काही वर्षांत आपल्याकडेही आलं, आणि वरची मर्यादा पाचसहा हजारांपर्यंत आणि नंतर त्याहूनही पुढे सरकली. आपले आजचे स्पीकर ४० पासून २०,००० हर्ट्झपर्यंत वाजवतात. ज्या भागात गायकाचं काहीच नाही तो भागही ते इमानाने वाजवत राहतात. तिथे असतो फक्त तबकडीच्या लाखेत मिसळलेल्या दगडाच्या भुकटीचा आवाज, सुईचं घासणं आणि मोटरची घरघर.

पण ज्या भागात गाणं आहे, तिथे हेच स्पीकर जे देतात ते रेडिओने कधी दिलं नव्हतं. चांगल्या प्रतीत ऑर्गन आणि सारंगी वेगवेगळी ऐकू येतात, एकमेकांत मिसळून नुसता एक सूर होत नाहीत. गायक तान घ्यायच्या आधी श्वास कुठे घेतो ते कळतं. १९३०च्या दशकातल्या मुद्रणांत मायक्रोफोनपासून थोडं मागे सरून वरचा सूर लावलेला जाणवतो. हे मिळवण्यासाठी पुढची खटपट करायची.

आधी दोन चाचण्या

पहिली चाचणी साधनाची. त्याच हेडफोनवर एखादं अलीकडचं, कमी साथीचं गायन लावा. तेही चिरकं वाटलं तर दोष हेडफोनचा किंवा फोनमधल्या इक्वलायझरचा. बास बूस्ट, सराउंड, थ्रीडी असलं जे काही चालू असेल ते बंद करा.

दुसरी चाचणी प्रतीची. एकाच मूळ ध्वनिमुद्रणाच्या निदान तीन वेगवेगळ्या प्रती शोधा आणि ओळीने ऐका. यासाठी केसरबाई केरकरांची भैरवी, ‘जात कहाँ हो’, फार सोयीची आहे. १९७७ साली व्हॉयेजर यानांसोबत अंतराळात गेलेल्या सोनेरी तबकडीवर ती होती, त्यामुळे तिच्या प्रती सहज मिळतात आणि त्या एकसारख्या मुळीच नाहीत. साडेतीन मिनिटांचं गाणं आहे. तीन प्रती लागोपाठ ऐकल्यात तर खरखर, गती आणि सफाई यांतला फरक कानाला आपोआप कळू लागेल. मूळ गाणं एकच असताना एक प्रत सुसह्य आणि दुसरी असह्य वाटली, म्हणजे दोष प्रत करणाऱ्याच्या कामात आहे हे नक्की.

सर्वांत मोठा फरक पाडणारा उपाय : मोनो

हा उपाय फुकट आहे आणि माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक तक्रारी इथेच मिटतात.

७८ गतीच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या रेकॉर्डी मोनो आहेत : डावा-उजवा असा भेद नसलेला एकच आवाज त्यांत असतो. जवळजवळ सगळ्यांत गाणं रेघेच्या डाव्या-उजव्या नागमोडीत कोरलेलं असतं. आज त्या वाजवतात मात्र स्टीरिओ सुईने, आणि ती सुई वरखाली हालचालही टिपते. वरखाली हालचालीत गाणं नसतं, धूळ आणि झीज असते. शिवाय रेघेच्या दोन भिंतींवरचे ओरखडे वेगवेगळे, म्हणून डाव्या कानात वेगळी तडतड आणि उजव्या कानात वेगळी. हेडफोनवर गायकाचा आवाज डोक्याच्या मधोमध बसतो आणि तडतड दोन्ही कानांना चिकटून चालू राहते. म्हणूनच स्पीकरपेक्षा हेडफोनवाल्यांची तक्रार जास्त असते.

दोन्ही बाजू एकत्र केल्या की वरखाली हालचालीचा आवाज एकमेकाला खोडतो, उरलेली असंबद्ध खरखर साधारण ३ डेसिबलने उतरते आणि गाणं आहे तिथेच राहतं. अँड्रॉइड आणि आयफोन, दोन्हींत सुलभतेच्या म्हणजे ॲक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’चं बटण आहे. विंडोजमध्येही आहे. जुन्या अँप्लिफायरवर तर समोरच मोनोची कळ असते, ती वर्षानुवर्षं कुणी दाबलेली नसते. घरात दोन स्पीकर असतील तर मोनो करून एकच चालू ठेवून पाहा. एका जागेवरून आलेला आवाज अशा गाण्यांना फार शोभतो.

दोन अपवाद ध्यानात ठेवा. रेघेची एकच भिंत जास्त झिजलेली असेल तर दोन्ही बाजू मिसळून चांगली बाजूही बिघडते. अशा वेळी फक्त बरी बाजू घ्या आणि तीच दोन्हीकडे वाजवा. दुसरा अपवाद खोट्या स्टीरिओचा. १९६० आणि ७०च्या दशकांत जुन्या मोनो ध्वनिमुद्रणांचे ‘स्टीरिओ’ एलपी, म्हणजे नंतरच्या काळातल्या लाँग-प्ले रेकॉर्डी निघाल्या. त्यांत खर्ज एकीकडे, वरचे सूर दुसरीकडे, आणि मध्ये किंचित विलंब असे प्रयोग केलेले असत. असं ध्वनिमुद्रण मोनो केलं की आवाज पिंपातून आल्यासारखा पोकळ होतो. त्यावर इलाज नाही, मूळ मोनो प्रत शोधावी.

साउंडबारवर ऐकणाऱ्यांसाठी एक खास सूचना. ‘मूव्ही’ किंवा ‘सराउंड’ मोडमध्ये साउंडबार दोन्ही बाजूंना सारखं असलेलं सगळं मधल्या स्पीकरला देतो आणि वेगळं असलेलं आजूबाजूच्या स्पीकरना. जुन्या रेकॉर्डच्या बाबतीत याचा अर्थ गाणं समोर आणि खरखर खोलीभर. मोड साधा ‘स्टीरिओ’ करा.

पाण्याखालून आल्यासारखा आवाज

खरखर नाही, पण आवाज हेलकावे खातो, ‘स’ आणि ‘श’ बोबडे येतात, गायक थांबला की मागचा तंबोराही नाहीसा होतो. ही अति सफाई. खरखर काढणाऱ्या सॉफ्टवेअरला तंबोऱ्याची जवारी, सारंगीच्या गजाची घसट आणि रेकॉर्डची चरचर यांत फरक करणं जड जातं. मुठी आवळून फिल्टर लावला की देव्हाऱ्यातले टाक घासून घासून चेहरे पुसट व्हावेत तसं गाण्याचं होतं. फोनच्या छोट्या स्पीकरवर ही प्रत ‘किती क्लिअर’ वाटते, आणि चांगल्या हेडफोनवर तिची लबाडी उघडी पडते.

गेलेलं परत आणता येत नाही. सफाई न केलेली प्रत शोधणं एवढंच हाती आहे. माझा ठाम आग्रह आहे की दोन प्रतींतून निवडायची वेळ आली तर खरखरीसकटची घ्या. एकसारखी खरखर कान थोड्या वेळात बाजूला ठेवतो. पोखरलेला सूर तो कधीच भरून काढत नाही.

असाच हेलकावा दाबलेल्या फाइलमुळेही येतो. एमपीथ्री किंवा तत्सम फाइल करताना, कानाला कमी कळेल असं वाटतं ते टाकून दिलं जातं. खरखर ही पूर्ण अनियमित, तिचं वर्णन करण्यात फाइलची बरीचशी जागा खर्च होते आणि गाण्याच्या वाट्याला उरलेलं येतं. म्हणून ज्या दर्जाची फाइल नव्या गाण्याला पुरते ती जुन्या रेकॉर्डला पुरत नाही. कॅसेटवरून एमपीथ्री, ती पुन्हा दाबून व्हॉट्सॲपवर, तिथून पुन्हा दुसरीकडे असा प्रवास केलेली फाइल असेल तर तिच्यावर वेळ घालवू नका. ब्लूटूथ हेडफोनवर आवाज अचानक टेलिफोनसारखा झाला तर मात्र कारण वेगळं : कुठलं तरी कॉलचं ॲप माइक धरून बसलेलं असतं. ते बंद केलं की आवाज पूर्ववत होतो.

आणि ज्या प्रतीत मागाहून ढोलकीचा ठेका, प्रतिध्वनी किंवा ‘झंकार’ चढवलेला आहे, ती बाजूला ठेवावी. ते दुसरंच गाणं आहे.

गती आणि पट्टी

आवाज पातळ, तान अमानवी वेगाची, शब्द घाईचे : गती जास्त आहे. आवाज जड, आळसावलेला : गती कमी. ‘७८’ हा आकडा पुढे ठरला. सुरुवातीच्या रेकॉर्डी सत्तरीच्या घरातल्या निरनिराळ्या गतींवर, काही तर ८०च्याही वर कापलेल्या आहेत. ७४ वर कापलेली तबकडी ७८ वर वाजवली तर सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो, म्हणजे काळी एकचं गाणं पांढरी दोनला लागतं. साध्या स्पीकरवर हे खपून जातं. चांगल्या साधनावर आवाजाचा पोत स्पष्ट कळतो आणि काहीतरी कृत्रिम आहे हे मनाला टोचत राहतं, मग आपण त्याला ‘चिरकं’ म्हणतो.

पेटी घेऊन बसा. षड्ज कुठे लागतो ते पाहा. त्याच गायकाची त्याच काळातली इतर ध्वनिमुद्रणं कुठल्या पट्टीत आहेत त्याच्याशी ताडून बघा. दोन पट्ट्यांच्या मधोमध सूर पडला तर गतीवर संशय घ्यावा, मात्र त्या काळच्या पेट्याही आजच्या मापाने जुळवलेल्या असतील असं नाही, तेव्हा एकट्या पेटीवर निकाल देऊ नये. पातळपणा हा दरवेळी दोषही नसतो. अब्दुल करीम खाँसाहेबांचा आवाज मुळातच बारीक आणि उंच पट्टीतला.

बोललेले शब्द असतील तर ते सोन्यासारखे जपा. १९०२ साली कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीने ध्वनिमुद्रणं सुरू केली तेव्हा तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार होत, आणि तिथल्या माणसांना गायक कळावा म्हणून गाण्याच्या शेवटी नाव पुकारलं जाई. गायिका गौहर जान यांचं ‘माय नेम इज गौहर जान’ प्रसिद्धच आहे. गाण्याची गती चुकली तर चटकन लक्षात येत नाही, पण बोलणं चुकीच्या गतीवर लगेच खटकतं. शेवटचे ते दोन-तीन सेकंद कापून टाकलेल्या प्रती फार आहेत. तशी प्रत घेऊ नका.

स्वतःच्या रेकॉर्डी वाजवणाऱ्यांसाठी

इथे गडबड बहुधा सुईची. एलपीची सुई साधारण १८ मायक्रॉनची. ७८च्या रेघेला ६५ ते ७५ मायक्रॉनची लागते. एलपीची सुई ७८च्या रेघेत तळाशी जाऊन पडते, तिथल्या कचऱ्यात खरडत जाते आणि भिंतींना नीट टेकतच नाही. ‘प्लेअर चांगला आहे तरी नुसती खरखर’ असं कुणी म्हटलं की मी आधी सुई विचारतो. ७८ची वेगळी सुई किंवा वेगळं कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) घ्या, दुसरं काही करण्याआधी.

वरच्या सुरांना आवाज फुटतो, तर ती लोखंडी पिनांची जुनी झीज असते. ग्रामोफोनवर प्रत्येक बाजूला नवी पिन लावायची असे, प्रत्यक्षात ती कितीतरी बाजू चालवली जाई. पण झीज भिंतीच्या एका ठरावीक उंचीवर होते. थोडी जाड किंवा थोडी बारीक सुई लावली तर ती न झिजलेल्या जागी टेकते आणि मेलेली रेकॉर्ड जिवंत होते. या एका गोष्टीने मला सर्वांत जास्त आनंद दिला आहे.

आवाज बोदा, शब्द दबलेले असतील तर फोनो प्रीअँपकडे, म्हणजे प्लेअर आणि अँप्लिफायर यांच्यामधल्या भागाकडे बघा. एलपी कापताना खर्ज कमी आणि वरचे सूर वाढवून कापतात, वाजवताना प्रीअँप ते उलटं करतो. १९५४ पासून यासाठी आरआयएए हा एकच ठरलेला वक्र, म्हणजे कुठला सूर किती कमी-जास्त करायचा याचं प्रमाण आहे. तो १०,००० हर्ट्झला वरचे सूर सुमारे १३.७ डेसिबलने खाली आणतो. पण ७८च्या काळात प्रत्येक कंपनीचा वक्र वेगळा. बऱ्याच रेकॉर्डींवर २५० ते ३०० हर्ट्झच्या खाली खर्ज कमी केलेला असे आणि वरच्या सुरांना उठाव दिलेलाच नसे. न दिलेला उठाव प्रीअँप काढून टाकतो, म्हणजे गाण्याचेच शब्द कापतो. वक्र बदलता येणारा प्रीअँप मिळाला तर उत्तम. नाहीतर आहे तसं संगणकावर घ्या आणि ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये वक्र दुरुस्त करा.

मोठ्या स्पीकरवर एकसारखं ‘हूं’ येत असेल तर ती ५० हर्ट्झची वीज आहे. प्लेअरची अर्थची बारीक तार अँप्लिफायरच्या स्क्रूला जोडली आहे का बघा, ॲडॅप्टर प्लेअरपासून लांब न्या.

धुण्याबद्दल कळकळीने सांगतो : ७८च्या लाखेच्या रेकॉर्डला स्पिरिट किंवा अल्कोहोल लावू नका. लाख त्यात विरघळते. डिस्टिल्ड वॉटर, त्यात सौम्य भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब, मऊ ब्रश रेघेच्या दिशेने, लेबल कोरडं, मग पुन्हा स्वच्छ पाणी आणि पूर्ण वाळवण. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यानंतर रेघांत पांढरी बुरशी दिसते. तिच्यासकट वाजवलेली रेकॉर्ड चांगल्या सुईलाही खराब करते.

कॅसेटवाल्यांसाठी थोडक्यात. आवाज दबलेला असेल तर टेप वाचणाऱ्या हेडच्या बाजूचा बारीक स्क्रू किंचित फिरवून, मोनो करून, वरचे सूर सर्वांत स्पष्ट येतात तिथे थांबा. डॉल्बीने, म्हणजे सुसू कमी करण्याच्या पद्धतीने भरलेली कॅसेट डॉल्बीशिवाय वाजवली तर सुसू जास्त, आणि उलट केलं तर आवाज गुदमरतो. दोन्ही करून बघा आणि कानावर सोडा.

फिल्टर सगळ्यांत शेवटी

मोनो, गती, सुई, वक्र हे झाल्यावरच फिल्टरला हात लावा. भोंग्याच्या काळातल्या रेकॉर्डला १२०–१५० हर्ट्झच्या खालचं काढलं तरी गाणं शाबूत राहतं, नंतरच्या काळातल्यांना ६०–८० पुरे. वरच्या बाजूला एकदम भिंत घालू नका. भोंग्याच्या मुद्रणांना चार-पाच हजारांपासून, विजेवरच्यांना सात-आठ हजारांपासून हळूहळू उतार द्या. नंतर डोळे मिटून फिल्टर चालू-बंद करत ऐका. फिल्टर चालू असताना गायक मागे गेल्यासारखा वाटला तर तो जास्त झाला आहे.

स्वतः रेकॉर्ड संगणकावर घेत असाल तर मूळ फाइल २४ बिट, ९६ किलोहर्ट्झची, काहीही न करता वेगळी ठेवा आणि सगळी दुरुस्ती तिच्या प्रतीवर करा. फाइलच्या नावात किंवा सोबतच्या कागदावर लेबलवरचा क्रमांक, लेबलाजवळ लाखेत कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक, कुठली सुई, कुठली गती आणि कुठला वक्र हे लिहून ठेवा. एखाद्या तबकडीची माहिती लागत नसेल तर मुंबईची सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स १९९० पासून याच कामात आहे, तिथली माणसं जाणकार आहेत. त्यांना किंवा इतर कुणालाही विचारताना हे दोन क्रमांक आणि सफाई न केलेला अर्ध्या मिनिटाचा तुकडा द्या. ‘खरखर येते’ एवढ्यावरून कुणालाच काही सांगता येत नाही.